दारचा कुत्रा घरात



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी सतरंजीवर बसून चार विचार ऐकण्याची ती रीत हळूहळू आपल्या झाडीपट्टीपर्यंत येऊन पोचली. अशा व्यासपीठावर धर्म, राजकारण, साहित्य यांवर बोलावे असा संकेत आहे. आमच्यासारख्या मजूर चळवळीतल्या माणसास बोलावले म्हणजे किमान वेतन नाही तर भविष्यनिर्वाह निधी यांपैकी काहीतरी कानी पडणार, अशी चालकांची समजूत असावी. आम्ही विषय कळविला तो लहानशा मिश्र जातीच्या कुत्र्याची निवड आणि निगा हा. चालकांपैकी एकाने आम्हांस रस्त्यात गाठून विचारले, "भाऊ, विषय खराच ना हा?"

खराच आहे, आणि हलकाही नाही. गेली तीस वर्षे आम्ही धानाच्या गिरण्यांतले हमाल, तेंदूपत्ता तोडणारे मजूर आणि विडी वळणाऱ्या बाया यांच्या सपरीत बसत आलो. सभा नेहमी रात्रीच्या, कारण दिवसा सवड कोणास? शाळा आमची सातवीपर्यंत. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात आणि या सपऱ्यांत. तेथे आम्ही एक गोष्ट पाहिली. ज्या दारात कुत्रा नाही असे घर विरळा, आणि ज्या घरात कुत्र्याची नीट निगा आहे असे घर त्याहून विरळा. कुत्रा दारचा असतो. घरचा नसतो. त्यास नाव असते, शिळे अन्न असते, रात्री भुंकण्याची अपेक्षा असते, पण त्याची हजेरी कोणाच्याच पटावर नसते. दार आणि घर यांतील जे दहा हातांचे अंतर आहे, त्यावरच आज बोलावयाचे आहे. कारण आपल्या या जंगलाच्या मुलखात त्या दहा हातांत कुत्र्याचा जीव जातो, आणि कधी कधी माणसाचाही.

कुत्र्यांवरून माणसे आज भांडू लागली असे कोणी समजू नये. जून १८३२ मध्ये मुंबईत सरकारने मोकाट कुत्रे मारण्याचा हुकूम सक्तीने चालविला. कुत्र्यामागे इनाम होते, तेव्हा इनामाच्या लोभाने शिपाई लोकांच्या घराशी येऊन कुत्रे मारू लागले. पारशी मंडळी खवळली, इतर समाजही त्यांस मिळाले, दुकाने बंद झाली, आणि फोर्टात दंगा उसळून लष्कर बोलवावे लागले. आम्हा हरताळवाल्यांस या हकीकतीचे विशेष कौतुक वाटते. गिरणी कामगारांची पहिली सभा भरविणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या अर्धशतक आधी मुंबईने हरताळ पाळला, तो कुत्र्यासाठी! पुढे कायदे झाले. २००१ मध्ये मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीचे नियम आले, २०२३ मध्ये ते नव्याने काढले गेले, आणि २०२५ मध्ये तर दिल्लीच्या कुत्र्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात देशभर गाजला. त्या वादात आम्ही आज शिरत नाही. रस्त्यावरच्या शंभर कुत्र्यांचे काय करावे हे नगरपंचायतीने पाहावे. एका कुत्र्याचे काय करावे एवढेच आपल्या हाती आहे, आणि तेवढे नीट केले तर शंभरांतला एक कमी होतो.

आता निवडीकडे वळू. अलीकडे गावात पैसा आलेल्या घरी कुत्रा विकत आणण्याची हौस दिसते. नागपुराहून पिंजऱ्यात बसून चपट्या नाकाचा पग येतो. त्याचे नाक माणसांनी पिढ्यान् पिढ्या दाबून आखूड केले आहे. कुत्र्यास घाम येतो तो जवळजवळ केवळ पायांच्या गादीस. अंगातली उष्णता तो धापा टाकूनच बाहेर काढतो. ज्याची श्वासनळीच अडलेली, त्याने आमच्या जिल्ह्यातला मे महिना कसा काढावा? पारा ४५ च्या वर गेला म्हणजे येथे धडधाकट माणसे दुपारी दार लावून बसतात. दुसरे टोक म्हणजे कारवानी कुत्रा. तो आपल्या महाराष्ट्राचे भूषण खरेच, पण माळावर ससा धरण्यासाठी घडलेला. दोन खोल्यांच्या घरात त्यास ठेवणे म्हणजे पहिलवानास कारकुनी देण्यासारखे आहे. आणि ज्या पांढऱ्या केसाळ कुत्र्यास आपण सर्रास पामेरियन म्हणतो, तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. खरा पामेरियन दोन-तीन किलोंच्या वर फारसा जात नाही.

या स्पिट्झचे आणि गल्लीतल्या गावठी कुत्र्यांचे संबंध तालुक्याच्या प्रत्येक गावात जुळलेले आहेत. त्यातून आठ-दहा किलोंचा, मध्यम केसांचा, उभ्या कानांचा, वळलेल्या शेपटीचा जो कुत्रा निपजतो, तो आमच्या मते लहान घरास योग्य. धानाच्या संशोधन केंद्राच्या गावात संकर म्हणजे काय हे आम्ही सांगावयास नको. मात्र केंद्रातला संकर हिशेबाने होतो, गल्लीतला आपखुशीने. म्हणून मिश्र जातीचा कुत्रा आजारीच पडत नाही असे जे म्हणतात ते खरे मानू नका. एवढेच म्हणता येईल की एकाच घराण्यात फिरून फिरून संबंध झाल्याने येणारे दोष त्यात कमी असतात, आणि जे पिल्लू गल्लीत जगले वाचले ते काटक असते.

या काटकपणावर एकदा साऱ्या जगाची नजर गेली होती. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी रशियाने अंतराळात पहिला प्राणी पृथ्वीभोवती फिरत ठेवला. ती लायका. मॉस्कोच्या रस्त्यावर धरलेली, सुमारे सहा किलो वजनाची, कोणत्याही घराण्याची नसलेली मादी. शास्त्रज्ञांनी मुद्दाम रस्त्यावरचे कुत्रे निवडले, कारण थंडी आणि उपासमार त्यांनी आधीच सोसलेली असते. परत आणण्याची सोय त्या यानात नव्हती. ती काही दिवस जगली असे तेव्हा सांगितले गेले. खरी गोष्ट २००२ साली उघड झाली, की उड्डाणानंतर काही तासांतच यानातल्या उष्म्याने तिचा प्राण गेला होता. या कामावर असलेल्या शास्त्रज्ञांपैकी ओलेग गाझेन्को यांनी म्हातारपणी जाहीरपणे खेद व्यक्त केला. कामकऱ्यांच्या राज्यातही रस्त्यावरच्या जिवास कोणी संमती विचारली नाही, हे आम्हा लाल झेंड्याच्या आसपास वाढलेल्यांनी ध्यानात ठेवावे. १९६० साली बेल्का आणि स्ट्रेल्का जिवंत परत आल्या, आणि स्ट्रेल्काचे एक पिल्लू अमेरिकेच्या अध्यक्षांच्या घरी भेट म्हणून गेले. गावठीची पोर व्हाइट हाउसात नांदली! आमच्या मंडळींस हे सांगितले की मग गल्लीतले पिल्लू घेण्याची लाज वाटेनाशी होते.

पिल्लू केव्हा घ्यावे? आपल्याकडे मोकाट माद्या बहुधा पावसाळा सरल्यावर, हिवाळ्याच्या तोंडाशी वितात. गर्भ सुमारे ६३ दिवसांचा. दिवाळीच्या पुढेमागे झालेली पिल्ले संक्रांतीच्या सुमारास आईपासून तोडण्याजोगी होतात. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आणू नये. पोरे महिन्याचे पिल्लू शर्टात घालून आणतात आणि आया कौतुक करतात, पण त्या वयात ते भावंडांशी खेळता खेळता किती जोराने चावावे हे शिकत असते. ते शिक्षण आईजवळच होते. आमच्या सातवीसारखे अर्धवट सोडले तर पुढे फार वाचावे लागते! वय ओळखावयाचे तर ओठ उचलून पाहा. दुधाचे सगळे २८ दात आलेले असले की ते साधारण दोन महिन्यांचे झाले. चौथ्या महिन्यापासून ते दात पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांत ४२ पक्के दात येतात. त्या काळात चपला उंचावर ठेवाव्यात आणि मारू नये.

पिल्लापेक्षा आधी आई पाहावी. ती केवढी आहे, माणसास पाहून शेपूट हालविते की दात दाखविते, हे पिल्लाच्या पुढच्या आयुष्याचे सूचीपत्र आहे. मग घोळक्यापासून दूर बसून पाहावे. सर्वांस ढकलून पहिले अंगावर येणारे पिल्लू मुलांस फार आवडते, पण तेच पुढे घरात पुढारपण करते. कोपऱ्यात थरथरत बसणारे नेले तर त्याची भीती घालविण्यात वर्ष जाते. जे जरा थांबते, हुंगते आणि मग येते, ते घ्यावे. मागे टाळी वाजवून पाहावे, विशेषतः पिल्लू अगदी पांढरे असेल तर, कारण पांढऱ्यांत बहिरेपणा अधिक आढळतो. पोट ढोलासारखे आणि बरगड्या उघड्या असे दिसले तर जंत झालेले आहेत. त्यास औषध आहे, तेवढ्यासाठी नाकारू नये. नाकाडोळ्यांतून पू, खोकला, रक्ताची हगवण असेल तर मात्र प्रथम पशुवैद्यकीय दवाखाना, मग घर. नर की मादी हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि मादी नको हे उत्तर विचारणाऱ्याच्या मनात तयार असते. नसबंदी करून घेतली तर मादी घरास अधिक धरून राहते असा आमचा अनुभव आहे. पिल्ले होतील म्हणून मादीची पोरे पोत्यात भरून नाल्यापलीकडे सोडण्याची जी चाल आहे, तिच्यापेक्षा शस्त्रक्रियेचा एक दिवस सोपा.

आता त्या दहा हातांच्या गोष्टीवर येतो. सिंदेवाही, नागभीड, मूल, ब्रह्मपुरी हा पट्टा वाघ-बिबटांचा. येथे गावाची शीव आणि जंगलाची शीव एकच असते. बिबट गावात का येतो, याचे उत्तर आपण नेहमी शेळ्या-कोंबड्यांत शोधतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबटांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला. जंगल नसलेल्या त्या ऊसपट्ट्यात बिबटांच्या आहारात वजनाने ३९ टक्के भाग कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा केवळ ११ टक्के. आणि शेळ्या तर तेथे कुत्र्यांच्या सातपट होत्या! असे का? उत्तर आपल्या प्रत्येकाच्या अंगणात आहे. शेळीची किंमत आहे, म्हणून ती दिवे लागण्याच्या आत कोंडली जाते. कुत्र्याची किंमत नाही, म्हणून तो बाहेर राहतो.

कुत्रा बिबटास पाहून भुंकेल आणि आपण जागे होऊ, असा आपला हिशेब. मोकळा कुत्रा भुंकून पळू तरी शकतो. साखळीने बांधलेला, तोही आठ किलोंचा, हा राखणदार नव्हे. ते आमिष होय. आमच्या युनियनच्या एका सभासदाच्या अंगणात उन्हाळ्यात बाजेवर दोन पोरे निजली होती आणि बाजेच्या पायाशीच कुत्रा बांधला होता. सकाळी साखळी होती, पट्टा तुटलेला होता, कुत्रा नव्हता. पोरांच्या आजीने आम्हांस सांगितले, "भाऊ, पोराच्या उशाहून गेला ना तो. आज कुत्रा नेला, उद्या कोनाले नेईल?" म्हातारीच्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते, पण पुढच्या सभेत आम्ही ठरावच मांडला की ज्यास कुत्रा पाळावयाचा त्याने तो दिवेलागणीस दाराच्या आत घ्यावा. एकजण उठून म्हणाला, घरात माणसांसच जागा नाही. खरे आहे. पण आठ किलोंच्या जिवास चुलीमागचे एक पोते पुरते. म्हणून तर आम्ही लहान कुत्र्याचा आग्रह धरतो. आतून त्याचे कान बाहेरच्या इतकेच काम करतात. दाराच्या फटीशी नाक लावून तो जेव्हा गुरगुरतो, तेव्हा आपण दार उघडू नये एवढे कळले म्हणजे त्याने आपली पाळी पुरी केली.

यात आमच्या झाडीपट्टीची एक खास खोड आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम. नाटक रात्रभर चालते, घरचे सगळे सतरंज्या घेऊन जातात, आणि घर राखण्यास कुत्रा अंगणात बांधून ठेवतात. त्या रात्री अंधार, थंडी आणि गाव रिकामे. नाटकास जरूर जावे, आम्हीही जातो आणि पहाटेच्या भैरवीपर्यंत बसतो. कुत्रा मात्र आत कोंडून, पाणी ठेवून जावे.

जंगलात तर लहान कुत्रा नेऊच नये. मोहफूल वेचावयास, तेंदूपत्ता तोडावयास जाणाऱ्या बाया सोबत म्हणून कुत्रा नेतात. मे २०२५ मध्ये आपल्याच तालुक्यात तेंदूपत्ता तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. त्या दुःखानंतर जो तो उपाय शोधू लागला आणि कुत्रे जंगलात अधिक जाऊ लागले. जंगलात वावरणारे जाणते लोक सांगतात की कुत्रा अस्वलास वा वाघास छेडतो आणि भ्याला की धावत येतो तो धन्याकडेच, मागे ते जनावर घेऊन. सोबत हवी ती माणसांची. दहा जणांनी मिळून जावे, बोलत राहावे, आणि वाकून काम करणाऱ्यांमागे एकाने उभे राहून पाहावे. त्या उभ्या राहणाऱ्याची रोजी कंत्राटदाराने द्यावी, ही आमची मागणी आहे. ती आज कुत्र्याच्या निमित्ताने पुन्हा मांडून घेतो.

जंगलाच्या बाजूनेही पाहावे. गावच्या कुत्र्यांतून डिस्टेम्पर नावाचा रोग वन्य प्राण्यांत जातो. १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीत त्याने सिंहांचा सुमारे तिसरा हिस्सा नेला. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह मेले, त्यातही हा रोग आढळला. ताडोब्याकडच्या रानकुत्र्यांस तो लागू नये यासाठी आपल्या दारच्या पिल्लास लस असणे हा एक उपाय आहे. डिस्टेम्पर आणि पार्व्हो यांची लस पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की सुरू करावी आणि चार महिन्यांचे होईतो तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी. पार्व्हो हा रक्ताच्या हगवणीचा रोग आठवड्यात अख्खे वेत नाहीसे करतो. भाताच्या बांधीत उंदरांच्या मुतातून लेप्टोचा आजार येतो, तो कुत्र्यांस आणि रोवणी करणाऱ्या माणसांस सारखाच. म्हणून त्याच्या लशीचेही डॉक्टरांस विचारावे.

पण सर्वांत मोठी लस पिसाळण्याची. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की ती टोचावी, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि मग दरवर्षी. ६ जुलै १८८५ रोजी पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टर या मुलास पहिली लस दिली. त्यास आता सव्वाशेच्या वर वर्षे लोटली, तरी आपल्याकडे चावल्यावर मिरची, चुना, हळद भरणारे आहेत आणि मंत्र घालणारेही आहेत. एकदा रोगाची लक्षणे दिसू लागली की माणूस वाचत नाही. चावले किंवा नख लागून रक्त आले, तर प्रथम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. मग सरकारी दवाखाना. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची भीती अजून लोकांच्या मनात आहे. ती लस देशात बंद होऊन वीस वर्षे झाली. आता दंडावर टोचतात. पहिल्या दिवशी, आणि तेथून तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असेल तर जखमेतच वेगळे औषध टोचावे लागते, ते मागून घ्यावे.

लोक हे पुरे का करीत नाहीत, ते आम्हांस आमच्या धंद्यामुळे ठाऊक आहे. एका गिरणीतल्या तरुण हमालास पोत्यांमागच्या पिल्लाने ओरबाडले. पिल्लू आठवड्यात मेले. तो पहिल्या दिवशी दवाखान्यात गेला, तिसऱ्या दिवशी गेला नाही. आम्ही विचारले तर म्हणाला, "रोजी बुडते ना, भाऊ." इंजेक्शन फुकट आहे, पण दिवस फुकट नाही! दवाखान्यात रांग, जाण्यायेण्यात अर्धा दिवस, आणि गिरणीचा हिशेबनीस अर्धा दिवस लिहीतच नाही, गेला तर पुरा दिवस गेला. आम्ही गिरणीत जाऊन बसलो. मालक प्रथम म्हणाले, कुत्रा आमचा नव्हता. आम्ही म्हटले, पोती तुमची होती. शेवटी उरलेल्या दिवसांची भरपगारी रजा मिळाली, तो मुलगा आज मजेत आहे आणि पोत्यांखालची उरलेली तीन पिल्ले कामगारांच्या घरी गेली. कुत्रा चावल्याची रजा कोणत्या कायद्यात आहे असे आम्हांस विचारले जाते. ती कायद्यात बसवून घेणे हे काम उरलेले आहे.

खाण्याबद्दल थोडक्यात. भाताच्या मुलखात कुत्र्यास पेज आणि भात मिळतो. पोट भरते, अंग भरत नाही. त्यात एखादे उकडलेले अंडे, मासळीचे काटे काढलेले तुकडे, कोंबडीचे आतडे-काळीज शिजवून घालावे. शिजलेल्या कोंबडीची हाडे देऊ नयेत, ती सुईसारखी फुटतात. कांदा, मनुका-द्राक्षे आणि चॉकलेट ही त्यास विषे आहेत. पोळ्याच्या दिवशी पुरणाची पोळी एखादी चालते, पंक्ती नको. दुधाने पुष्कळ कुत्र्यांस हगवण लागते, पाणी मात्र दिवसभर हवे. उन्हाळ्यात पाण्याचे मातीचे भांडे सावलीत ठेवावे आणि दुपारी डांबरी सडकेवर नेऊ नये. आपला तळहात जेथे टेकवत नाही तेथे त्याचा पाय कसा टेकावा? स्पिट्झच्या वळणाचे दाट केस पाहून लोक उन्हाळ्यात ते मुळासकट काढतात. तसे करू नये, ते केस उन्हापासूनही राखतात. गोचिडांसाठी दररोज कानात, बोटांच्या बेचक्यांत हात फिरवावा. तेवढ्यात लाडही होतात.

साखळीविषयी बोलल्याशिवाय आमचे समाधान होणार नाही. प्राण्यांवरील क्रूरतेस आळा घालणारा कायदा १९६० साली झाला. त्यामागे राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा मोठा प्रयत्न होता. त्या कायद्यात आखूड वा जड साखळीने जनावर गैरवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे, आणि नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्यास पाय मोकळे करण्यास न नेणे हाही गुन्हा आहे. म्हणजे कुत्र्यास फिरावयास मिळण्याचा हक्क पार्लमेंटाने लिहून ठेवला आहे! पहिल्या गुन्ह्यास दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज चहापाणी होते. पण हक्क तो हक्क, आणि आमच्या अनुभवास विचाराल तर लिहिलेला हक्क हाती असला की भांडण्यास जोर येतो. धर्मराजाने कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल टाकण्याचे नाकारले ही कथा आपण भक्तीने ऐकतो. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास त्याच्याबरोबर चालणे त्याहून पुष्कळ सोपे आहे.

शेवटी आमच्या लोकांची खरी अडचण. धान कापून झाले की आपल्या भागातली कुटुंबेच्या कुटुंबे मिरची तोडावयास तेलंगणात जातात, ती थेट तेंदूच्या हंगामाच्या तोंडी परततात. २०२० च्या टाळेबंदीत याच वाटेने ती पायी परत आली. कुलूप लावलेल्या दाराशी कुत्रा राहतो. तो कोणाचाच नसल्यासारखा होतो, दुसऱ्याच्या कोंबड्या धरतो, टोळीत मिसळतो, लस चुकते, आणि बिबटास सापडतो. पाळलेले जनावर असे टाकून जाणे हाही त्या कायद्याने गुन्हाच आहे, पण पोटासाठी गेलेल्या माणसास कायदा दाखविणारे आम्ही नव्हे. एका वस्तीत बायांनीच तोड काढली. जे घर जाणार, त्याने जाण्यापूर्वी दोन पायली तांदूळ शेजारी ठेवावयाचे. मागे राहिलेल्या तीन घरांनी वार वाटून घ्यावयाचे, आणि रात्री ज्याचा वार त्याच्या घरात कुत्रा निजेल. वही आमच्या कचेरीत असते, कारण वह्या ठेवण्याची आम्हांस सवयच आहे. गेल्या हंगामात तीत पाच कुत्रे होते. मोती, लाली, दोन वाघ्या, आणि एक जण, ज्याच्या धन्याने नावच ठेवले नव्हते. त्याच्या रकान्यात बायांनी 'पाटील' असे लिहिले. मिरचीहून मंडळी परतली तेव्हा पाचही हजर होते. यंदा वहीत अकरा नावे आली आहेत, आणि सोमवारची रात्र अजून कोणी घेतलेली नाही. सभेनंतर वही याच टेबलावर ठेवतो.